बिल्ला ड्रॉवरमध्ये आणि माणूस किरणांत!

तालुक्याच्या गावातले एक रुग्णालय. नाव लिहीत नाही. एकाचे नाव छापले की बाकीचे सुटलो म्हणून हुश्श करतात. क्ष-किरण खोलीच्या दारावर तांबडा दिवा आहे, तो लागत नाही. दाराला बिजागऱ्या आहेत, पण दार पुरते मिटत नाही. आत पाच वर्षांचे पोर झाडावरून पडून कोपर मोडून आलेले, टेबलावर किंचाळते आहे. त्याला कोणीतरी धरायला हवे. आई घाबरून भिंतीला चिकटलेली. ‘मावशी, या जरा,’ अशी हाक जाते. वॉर्ड पुसणारी बाई ओले हात पदराला पुसत येते आणि पोराचा दंड दोन्ही हातांनी दाबून धरते. तिच्या अंगावर शिशाचा ॲप्रन नाही. खोलीत एक ॲप्रन आहे, पण तो खुर्चीवर घडी करून ठेवलेला. जिथे घडी पडते तिथे आतले शिशाचे रबर चिरत जाते, म्हणून तो टांगून ठेवायचा असतो, हे तिथे कोणी कोणाला सांगितलेले नाही. बटण दाबले जाते. ‘हलला. परत एक.’ पुन्हा बटण. मावशी हात पुसत निघून जातात. त्या दिवसातली त्यांची ही कितवी खेप, हे त्यांनी मोजलेले नाही आणि दुसऱ्या कोणीही नाही.

टेक्निशियनला आम्ही विचारले, ‘तुमचा बिल्ला कुठे?’ त्याने टेबलाचा ड्रॉवर ओढला. पावतीपुस्तकांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून, बिल्ला सुखरूप होता. ‘हरवला तर पगारातून कापतात साहेब. म्हणून जपून ठेवतो.’ दर तीन महिन्यांनी तो बिल्ला प्रयोगशाळेत जातो, आणि तिकडून अहवाल येतो : शून्य.

आज आम्हाला त्या शून्याबद्दल लिहायचे आहे. हा शून्य खोटा आहे. तो ड्रॉवरने घेतलेल्या किरणांचा हिशेब आहे, माणसाने घेतलेल्या नव्हे. तरीही तोच फाइलीत लागतो, तोच तपासनिसाला दाखवला जातो, आणि उद्या त्या टेक्निशियनला किंवा त्याच्या विधवेला दाद मागायची वेळ आली तर तोच शून्य तिच्या तोंडावर फेकला जाईल. जे मोजलेच नाही ते घडलेच नाही, असे म्हणण्याचा अधिकार या देशात कोणी कोणाला दिला?

हा बिल्ला म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आगपेटीएवढ्या खोक्यात एक पट्टी असते आणि तिच्यावर कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. किरणे लागली की त्यांची ऊर्जा या चकत्यांत अडकून राहते. आठवड्यांनी, महिन्यांनी चकत्या तापवल्या की त्या मंद उजळतात, आणि जितके किरण लागले तितका तो उजेड. छातीवर, ॲप्रनच्या आत, कामाच्या प्रत्येक क्षणी तो लावायचा असतो. भारतात हे तंत्र घडवले ते मुंबईच्या तुर्भ्यात, भाभा अणुसंशोधन केंद्रात. किरणोत्सर्गावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून उभे आहे, त्याचे मुख्यालयही मुंबईतच, अणुशक्तिनगरात. म्हणजे मोजण्याचे शास्त्र महाराष्ट्राच्या भूमीत, मोजायला लावणारी सत्ताही महाराष्ट्राच्या भूमीत, आणि तिथून काही तासांच्या अंतरावर मावशीच्या छातीवर बिल्ला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

‘अहो, पण मात्रा किती? अगदी कमी. नगण्य!’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. रुग्णालयाच्या मालकापासून खात्याच्या बाबूपर्यंत सर्वांनी ते पाठ केले आहे. म्हणून या ‘नगण्य’ शब्दाचाच हिशेब मांडू.

आणि हिशेब मांडताना आम्ही भीतीचा बाजार मांडणार नाही. नियम पाळून चाललेल्या खोलीत, ॲप्रन घालून, अंतर राखून काम करणाऱ्या माणसाला होणारा धोका छोटा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००६ मध्ये तो असा मांडला : १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणांच्या परिणामाचे माप) मात्रा मिळाली तर त्यांपैकी अंदाजे एकाला आयुष्यात कधीतरी त्या किरणांमुळे कर्करोग होईल, ४२ जणांना तो इतर कारणांनी एरवीही होणारच असतो. शंभरात एक. ज्याला हा आकडा नगण्य वाटतो त्याने तो एक कोण हे ठरवून दाखवावे. वर्षाला ५ मिलिसिव्हर्ट घेणारा माणूस २० वर्षांत १०० ला पोहोचतो. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा तर पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. मर्यादेच्या काठाकाठाने चालणारा माणूस पाच वर्षांतच तिथे पोहोचतो, आणि तरी कागदावर एकही नियम मोडलेला नसतो. सामान्य नागरिकासाठी हीच मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. कामगाराच्या अंगावर नागरिकापेक्षा वीसपट ओझे टाकायला समाजाने संमती दिली, ती एका अटीवर : त्याला बजावले जाईल, मोजले जाईल, जपले जाईल. अट मोडली की संमतीही संपली.

मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे आपल्याकडे कोणी समजूनच घेत नाही. तिच्या खाली सगळे निर्धोक आणि वर सगळे घातक, असा प्रकार नसतो. पेशीतल्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर एकाच जागी घाव बसला की पेशी तो सांधायला धावते, बहुतेक वेळा नीट सांधते, कधी चुकीचा सांधते. ती एक चूक पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्यांत वाहत राहते. रक्ताचा कर्करोग काही वर्षांत डोके काढतो, इतर कर्करोगांना दहा, वीस, तीस वर्षे लागतात. चटका बसला असता तर माणूस हात मागे घेतो. इथे चटका बसत नाही, वास येत नाही, आवाज होत नाही. म्हणून तर मोजणे हाच एकमेव पहारेकरी, आणि तोच आपण ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला आहे.

‘कमी मात्रेचा पुरावा काय? तुम्ही सांगता ते हिरोशिमा-नागासाकीचे गणित!’ असेही म्हटले जात असे. म्हणजे एका क्षणात मोठा मारा झालेल्या लोकांवरून रोज थेंब थेंब घेणाऱ्यांचा अंदाज बांधू नका. ठीक. मग थेंब थेंब घेणाऱ्यांचाच अभ्यास पाहा. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतील अणुउद्योगातल्या ३,०९,९३२ कामगारांच्या नोंदी संशोधकांनी एकत्र केल्या. दशकानुदशके प्रत्येकाच्या बिल्ल्यावर काय आकडा आला आणि पुढे त्याचे काय झाले, हे जुळवले. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निष्कर्ष छापले. रक्ताचे सोडून इतर कर्करोगांनी झालेल्या २८,०८९ मृत्यूंचा ताळा सांगतो की मात्रा वाढते तसा मृत्यूचा धोका वाढतो, दर एक ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणांचे माप) मात्रेमागे सुमारे ५२ टक्क्यांनी. म्हणजे शंभर मिलिग्रेमागे पाचेक टक्के. आणि ज्यांची एकूण मात्रा शंभर मिलिग्रेच्या आत होती, तेवढ्यांचाच हिशेब केला तेव्हा धोक्याचा चढ सपाट झाला नाही. उलट दर एककामागे तो आणखी तीव्र दिसला. रक्ताच्या कर्करोगाबाबत याच अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ मध्येच आला होता, तोही याच दिशेचा.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हा अभ्यास होऊ शकला, कारण त्या देशांत बिल्ले छातीवर होते आणि त्यांचे आकडे जपून ठेवले होते. आपल्या मावशींवर असा अभ्यास कधीच होणार नाही. त्यांच्या हातांतून गेलेल्या किरणांचा एकही आकडा कोणत्याही वहीत नाही. त्यांना आजार झाला तरी तो ‘नशिबाचा’, आणि त्या गेल्या तरी ‘वयाने’.

यावर केरळचे उदाहरण तोंडावर फेकले जाते. कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे जमिनीतूनच जास्त किरणोत्सर्ग आहे. तिथल्या जवळपास ७०,००० रहिवाशांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. हे खरे आहे आणि आम्ही ते दडवणार नाही. पण सरासरी दहा-साडेदहा वर्षांच्या पाठपुराव्यात छोटा धोका दिसला नाही, म्हणजे धोका नाही असा अर्थ होत नाही. आणि निसर्गाने वाळूत मिसळलेले किरण म्हणजे मालकाने पगाराच्या बदल्यात अंगावर घ्यायला लावलेले किरण नव्हेत. शास्त्रज्ञांमध्ये वाद असेल तर तो असू द्या. वादाचा निकाल लागेपर्यंत जोखीम कोणी वाहायची, हा प्रश्न शास्त्राचा नाही, न्यायाचा आहे. आणि आपण त्याचे उत्तर देऊन मोकळे झालो आहोत : मावशींनी!

कर्करोगासाठी वीस वर्षे थांबायचे नसेल तर डोळ्यांकडे पाहा. डोळ्यातले भिंग स्वतःची झीज भरून काढण्यात फार दुबळे असते. अँजिओग्राफीच्या टेबलाजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या डोळ्यांत रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण जातात आणि भिंगाच्या मागच्या बाजूला धूसर डाग धरू लागतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने लॅटिन अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३८ टक्के हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि २१ टक्के परिचारिका-तंत्रज्ञांच्या भिंगात असे बदल सापडले; किरणांशी संबंध नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने डोळ्याची वार्षिक मर्यादा १५० वरून थेट २० मिलिसिव्हर्टवर आणायला सांगितले. कालपर्यंत सुरक्षित म्हणून सांगितलेली मात्रा साडेसात पटींनी जास्त होती, अशी ही कबुलीच. आता सांगा, जिल्ह्याच्या गावात रातोरात उभ्या राहिलेल्या किती कॅथलॅबमध्ये छतावरून टांगलेला शिशाच्या काचेचा पडदा डॉक्टरच्या डोळ्यांपुढे ओढला जातो? किती ठिकाणी परिचारिकेला शिशाचा चष्मा आहे? पायाच्या हाडात सळई बसवताना सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र फिरवणाऱ्या मुलाला कोणी सांगितले आहे का, की किरणांची नळी टेबलाच्या खाली ठेव, आणि दोन पावले मागे सर, अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते? दोन पावले! या देशात कामगाराचा जीव वाचवायला दोन पावलांची जागा आणि दोन वाक्यांचे प्रशिक्षण पुरे होते, आणि तेवढेही आपण देत नाही.

हे अज्ञान नवे नाही, म्हणूनच ते अक्षम्य आहे. राँटजेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली त्या यंत्रांवर काम करता करता आधी हात आणि मग १९०४ मध्ये प्राण गमावून बसला. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये क्ष-किरण आणि रेडियमने बळी घेतलेल्या डॉक्टरांचे, तंत्रज्ञांचे, परिचारिकांचे स्मारक उभे राहिले, तेव्हाच त्यावर दीडशेहून अधिक नावे कोरली गेली होती. न्यू जर्सीतल्या घड्याळाच्या कारखान्यात मुली रेडियमचा रंग देताना कुंचल्याला ओठांनी टोक काढत. त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली. युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनने स्वतःच बोलावलेल्या हार्वर्डच्या तज्ज्ञाने दोष कारखान्याचा आहे असे लिहिले. कंपनीने तो अहवाल दडपला आणि राज्याच्या कामगार खात्याकडे फिरवलेला मजकूर धाडला. मुली कोर्टात गेल्या, आणि १९२८ मध्ये तडजोड झाली तेव्हा काहींना उठून उभे राहणेही जड जात होते. एका शतकापूर्वी मालकांनी अहवाल फिरवला. आज अहवाल फिरवायची गरजच उरलेली नाही. बिल्ला ड्रॉवरमध्ये ठेवला की शून्य आपोआप छापून येतो. प्रगती म्हणतात ती हीच काय?

आता सरकारकडे वळू, कारण मालकाचा लोभ समजतो, पण पहारेकऱ्याची झोप समजत नाही. २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाच्या कारभाराचा लेखाजोखा संसदेपुढे ठेवला. देशात चालणाऱ्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी मंडळाच्या नोंदवहीत होती केवळ ५,२७०. उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातली ९१, कोणाच्याही देखरेखीविना चालू होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितले होते. अकरा वर्षांनंतर, जुलै २०१२ पर्यंत, ते उभे राहिले होते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये. ज्या महाराष्ट्राच्या पोटात देशाचे अणुसंशोधन जन्माला आले, ज्याच्या तारापूरला १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज निर्माण झाली, तो महाराष्ट्र त्या यादीत नव्हता! मिझोरामला जे जमले ते या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला का जमले नाही? आणि दंड? अणुऊर्जा कायद्याखालचे नियम मोडणाऱ्यासाठी १९६२ पासून ठरलेली दंडाची रक्कम होती कमाल ५०० रुपये. अशा दंडाची जरब कोणाला बसणार, असा सवाल महालेखापरीक्षकांनीच केला. आम्ही तोच वेगळ्या शब्दांत विचारतो : मावशींच्या दोन हातांची किंमत पाचशे रुपये कोणी ठरवली?

त्यानंतर परिस्थिती काही सुधारली, हे मान्य केले पाहिजे. संगणकावरून परवाने देण्याची व्यवस्था आली, नोंदलेल्या केंद्रांचा आकडा वाढला. पण परवाना यंत्राला मिळतो. यंत्राचा नंबर, खोलीचा नकाशा, भिंतीची जाडी, सगळे नोंदले जाते. ज्या माणसाच्या अंगावरून किरण जातात त्याची नोंद मात्र मालकाच्या मर्जीवर. कागदावर तीन टेक्निशियन, खोलीत राबणारे सात. यादीत नसलेल्यांत शिकाऊ पोरे आली, वॉर्डबॉय आले, मावशी आल्या, आणि गरोदर असल्याचे सांगितले तर काम जाईल या धास्तीने गप्प राहणारी कंत्राटी परिचारिकाही आली. गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये असा नियम आहे. तो लागू होतो बाईने गरोदरपण कळवल्यापासून. जिला कळवायचीच सोय नाही तिच्या पोटातल्या बाळाचा नियम कोणत्या कपाटात पडून आहे?

कंत्राटी पद्धतीने तर या अन्यायाला कायद्याचेच कवच दिले आहे. आपल्या कायद्यात किरणोत्सर्गाने होणारे आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. १९२३ च्या भरपाई कायद्यात हे तत्त्व स्पष्ट लिहिले गेले : असे काम करणाऱ्याला असा रोग झाला तर तो कामामुळेच झाला असे मानायचे, तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. केवढे न्यायाचे तत्त्व! पण त्यालाच एक शेपूट आहे. एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली हवी, आणि दुसऱ्या मालकाकडची त्याच कामातली नोकरी त्यात धरायची नाही. आता ठेकेदाराचे गणित सुरू होते. पाच महिने एका एजन्सीच्या नावावर, पुढचे पाच दुसऱ्या एजन्सीच्या. तीच खोली, तेच यंत्र, तोच माणूस, तेच किरण. कागदावर मात्र मालक दर खेपेला नवा. दहा वर्षे राबूनही त्याची सहा महिन्यांची सलग नोकरी कधी पुरी होत नाही. पेशींना ठेकेदार बदललेला कळत नसतो. कायद्याला मात्र तेवढेच कळते.

आणि आरोग्य तपासणी? २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार कामगाराची नोकरीत येताना तपासणी आणि पुढे किमान तीन वर्षांतून एकदा. कधीपर्यंत? नोकरीत आहे तोपर्यंत. ज्या आजाराला बाहेर यायला वीस वर्षे लागतात त्याची तपासणी निवृत्तीच्या दिवशी बंद करायची, यापेक्षा वेड पांघरून पेडगावला जाण्याचा दुसरा नमुना आम्हाला ठाऊक नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा दंडक सांगतो की माणूस पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सुटल्यानंतर किमान तीस वर्षे, त्याच्या मात्रेची नोंद जपून ठेवा. तीस वर्षे! त्यामागचे कारण उघड आहे : उत्तराची गरज तेव्हाच पडते.

बाहेरच्या देशांनी काय केले? ब्रिटनमध्ये अणुउद्योग आणि कामगार संघटना यांनी १९८२ पासून मिळून भरपाईची योजना चालवली. कर्करोग किरणांमुळेच झाला हे एकेका माणसाच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही हे मान्य करून, शक्यतेच्या प्रमाणात पैसे दिले. अमेरिकेच्या संसदेने २००० मध्ये अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी कायदा केला आणि पात्र माणसाला दीड लाख डॉलर देऊ केले. जपानने रक्ताच्या कर्करोगासाठी १९७६ पासून सोपा नियम ठरवला : कामाच्या दर वर्षामागे ५ मिलिसिव्हर्ट भरले की कामगाराचा दावा मान्य होण्याचा मार्ग मोकळा. फुकुशिमाच्या सफाईत राबलेल्या कामगाराचा असा पहिला दावा जपान सरकारने २०१५ मध्ये मंजूर केला. त्या माणसाची एकूण मात्रा होती सुमारे २० मिलिसिव्हर्ट. आपल्याकडे एका वर्षात मुकाट घ्यायला लावतात तेवढी! कारण अमुकच आहे असे तिथल्या सरकारने म्हटले नाही. शंकेचा फायदा कामगाराला दिला, एवढेच. आपल्याकडे शंकेचा फायदा मालकाला, आणि शंका निर्माण करायला ड्रॉवर पुरे.

म्हणून आमच्या मागण्या आम्ही संदिग्ध ठेवत नाही. किरण चालू असताना त्या खोलीत जो जो पाऊल टाकतो त्याला बिल्ला, मग तो सर्जन असो की झाडूवाला, कायम असो की रोजंदार. बिल्ला हरवला म्हणून पगार कापणे हा गुन्हा ठरवा. त्या एका कपातीने बिल्ले ड्रॉवरमध्ये गेले आहेत. जिथून वर्षानुवर्षे सर्वांचे अहवाल शून्यच येतात, विशेषतः कॅथलॅब आणि सी-आर्म चालवणाऱ्या ठिकाणांहून, तिथे शाबासकी न देता तपासनीस पाठवा. राबत्या खोलीतला अखंड शून्य हा चोख कारभाराचा नव्हे, लबाडीचा पुरावा आहे. प्रत्येक कामगाराच्या हाती बँकेच्या पासबुकासारखे मात्रापुस्तक द्या. ते मालकाच्या कपाटात नव्हे, त्याच्या घरी राहील आणि मालक बदलला तरी आकडा पुढेच सुरू राहील. काम सुटल्यावरही डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी सरकारी खर्चाने चालू ठेवा. सलग सहा महिने आणि एकच मालक ही शेपटे छाटून टाका. आणि पोराला धरायचे असेल तर ॲप्रन घालून त्याच्या बापाला धरू द्या, त्याच्या आयुष्यात ते एकदा घडेल. मावशींच्या आयुष्यात ते रोज घडते.

यातली एकही मागणी खर्चिक नाही. कोट्यवधींची यंत्रे घेणाऱ्यांना टांगायचे दोन हूक आणि दहा बिल्ले परवडत नाहीत, असे कोणी आमच्या तोंडावर म्हणून दाखवावे! खरी अडचण पैशांची नाही. मोजले तर आकडा येईल, आकडा आला तर उत्तर द्यावे लागेल, ही ती अडचण आहे. हिशेब टाळणाऱ्याला हिशेबाची वहीच नको असते.

आणि डॉक्टरमंडळींना आमचा एक रोखठोक सवाल. आपण शिकलेले आहात, आपल्याला सगळे ठाऊक आहे. आपण बटण दाबताना शिशाच्या काचेमागे जाता. जाताना कधी मागे वळून पाहिलेत का, की टेबलाजवळ कोण उरले? शरीराला अपाय करू नये ही आपली शपथ फक्त टेबलावर निजलेल्या शरीरापुरती आहे काय? ते शरीर धरून उभ्या असलेल्या हातांना ती लागू नाही?

त्या बिल्ल्यातल्या चकतीची स्मृती पक्की असते. तिच्यावरून गेलेला प्रत्येक किरण ती धरून ठेवते आणि तापवली की खरे बोलते. तिला खोटे बोलायला लावायचे असेल तर एकच उपाय, तिला माणसापासून दूर ठेवायचे. आपण सरकार, मालक, डॉक्टर आणि डोळ्यांवर कातडे ओढून बसलेले आपण सारे नागरिक मिळून तेवढेच केले आहे. उद्या त्याच खोलीत आणखी एक पोर कोपर मोडून येईल, ‘मावशी, या जरा’ अशी हाक जाईल आणि मावशी ओले हात पदराला पुसत येतील. त्याआधी तो ड्रॉवर उघडा, तो बिल्ला बाहेर काढा. त्या टेक्निशियनच्या छातीवर तो लावा आणि दुसरा मावशींच्या पदराला टाचा. मग जो आकडा येईल तो येऊ द्या. निदान तो खरा असेल, आणि तो ज्याचा आहे त्याच्या नावावर असेल.